उजेड पाजला

४ फेब्रुवारी

टक्.

जीभ टाळूला लावून सोडली की होतो, तेवढाच आवाज. काळ्या पडद्यापलीकडून तू काचेच्या डोळ्यावरचं बोट उचलायचास, डोळ्याला उजेड दिसायचा, आणि माझ्या बाजूच्या डबीतली लोखंडी पट्टी चिकटायची. टक्. बोट परत ठेवलंस की सुटायची. कंटाळा आला की तू त्यावर ठेका धरायचास आणि मी मीटरसमोर बसून त्या ठेक्यात शाळेतल्या कविता बसवायचो. मोठे साहेब जिन्यात दिसले की ठेका बंद, आणि दोघे भाऊ एकदम शहाणे.

परवा दुपारी तो आवाज पुन्हा कानात वाजला. म्हणून हे पत्र.

हळद्या, सुरुवातीला काय लिहावं यावर माझे दोन दिवस गेले. अडतीस वर्षं न बोललेल्या भावाला आशीर्वाद लिहावेत, तर तू म्हणणार, ते तुझ्याजवळच ठेव. म्हणून आवाजावरून सुरुवात केली. पत्ता तुझ्या बायकोनं हिला पाठवलेल्या शुभेच्छापत्राच्या पाकिटावरून उतरवून घेतला. हिला सांगितलेलं नाही.

काम अगदी साधं आहे. आमच्या वाचनालयानं जुनं पुस्तकांचं तळघर झाडूनपुसून तिथे वाचनाची खोली केली आहे. वरच्या मजल्यावर जागा पुरत नाही. दहा दिवे लावलेत, सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत लख्ख उजेड असतो. खुर्च्या चांगल्या आहेत. जिना एकच आहे, पण रुंद आहे. तर परवा मी तिथे वाचत बसलो होतो, मान अवघडली म्हणून वर पाहिलं, आणि कपाटाच्या वर भिंतीत आपला डोळा. आपल्या कारखान्यातला. नाण्याएवढी काच, आत नारिंगीकडे झुकलेला पिवळा रंग आणि त्यावर कंगव्यासारख्या रेघा. काचेच्या कडेला हिरवा ठिपका. तपासून पास केल्याचा. ठिपका माझ्या हातचा आहे. माझा ठिपका कधी गोल आला नाही, एका बाजूला ओघळायचाच. तू म्हणायचास, दादा, तुझे डोळे रडतात.

आगीच्या घंटेचा डोळा आहे तो. दिव्याच्या स्थिर उजेडाला गप्प राहायचं, जाळाचा लपलपता उजेड दिसला की घंटा वाजवायची.

तू प्रत्येक डोळ्याच्या पाठीवर छोटा पक्षी कोरायचास आणि खाली ट्रेचा नंबर. मला तो भिंतीतून काढून बघता येत नाही. पण त्या वर्षी वाचनालयाला कोणत्या ट्रेमधले डोळे गेले ते तुझ्या वहीत असेल. वही तू बरोबर नेलीस. तेवढा नंबर कळव. निव्वळ माहितीसाठी. काळजीचं काही कारण नाही. तू नियमाप्रमाणे भाजलंस, मी नियमाप्रमाणे तपासलं.

तुझी बोटं अजून पिवळी आहेत का रे?

दादा


१९ फेब्रुवारी

हळद्या,

परदेशात पत्र पोचायला बारा दिवस लागतात असं पोस्टातली बाई म्हणाली. म्हणजे तुझं उत्तर निघालं असलं तरी अजून वाटेतच असणार. मला ते समजतं. तरीही रोज दुपारी फाटकाशी जाऊन उभा राहतो आणि पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. आता तर तो मी दिसायच्या आधीच हात हलवतो.

घरात एक अडचण झाली आहे. तुझी वहिनी आठवड्यातून तीनदा त्या तळघरात जाऊन बसते. खुनाच्या गोष्टी वाचते. या वयात तिला खुनी शोधायचा नाद लागलाय आणि शेवटच्या पानाआधी सापडला की घरी येऊन मला सांगते. मी तिला म्हटलं, तळघरात ओल असते, तुझे सांधे धरतील. ती म्हणाली, "ओल पुस्तकांना लागते, मला नाही." मी म्हटलं, जिना उंच आहे. "आपल्या घराचा जिना त्याहून उंच आहे. तो मी रोज चढते, तेव्हा नाही तुम्हाला माझे गुडघे आठवत." मग गेल्या बुधवारी मी पोट दुखल्याचं सोंग केलं. ती दिवसभर घरी राहिली. शुक्रवारी पुन्हा केलं. तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, मी वाचनालयात निघाले की तुमच्याच पोटात का दुखतं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मी ग्रंथपालबाईंना सहज विचारावं तसं विचारलं, ती घंटा चालते ना? हुशार मुलगी आहे, चष्मा कपाळावर ठेवते आणि दिवसभर तोच शोधते. म्हणाली, "काका, दर वर्षी तपासनीस येतात. सकाळी मी कुलूप उघडलं की लगेच. एक काडी ओढतात, घंटा खणखणते, सही करून जातात. गेल्या महिन्यातच झालं."

सकाळी. कुलूप उघडल्याबरोबर. रात्रभर अंधारात राहिलेल्या डोळ्यासमोर.

माझ्या लगेच लक्षात आलं. तुझ्याही आलं असेल हे वाचून. आपल्या दोघांशिवाय हे कुणाला कळणार? तुला ठाऊक आहे तेच तुला सांगतोय, म्हाताऱ्याची खोड समज. लिहिलं की मला धीर येतो.

किती विलक्षण पदार्थ होता तो. कॅडमियम आणि गंधक, दोघांचं लग्न लावलं की झालेली पिवळी पूड. तू भट्टीत जरा जास्त भाजलीस की लिंबाची संत्री व्हायची. अंधारात अगदी दगड, वीज म्हणून पुढे जाऊ द्यायचा नाही. उजेड पडला की तोच दगड वाट सोडायचा, जितका उजेड तितकी मोठी वाट. माणसाच्या डोळ्याला जो हिरवट पिवळा रंग सगळ्यांत चांगला दिसतो, साधारण तोच त्यालाही दिसायचा. म्हणून तर आपण त्याला डोळा म्हणायचो. पूड विषारी. तू हात धुवायचास आणि तरी बोटं पिवळीच राहायची. आई म्हणायची, हा आमच्या घरातला हळद्या पक्षी, फक्त गात नाही.

पण त्या पदार्थाला आठवण होती. हे पुस्तकात एका ओळीत असायचं आणि आपल्या टेबलावर तो आख्खा दिवस खायचा. अंधाऱ्या कपाटातून डोळा काढला की पहिल्या उजेडाला तो हुरळून जायचा, लुकडा असला तरी पैलवानासारखा. मीटरचा काटा उडी मारायचा. त्याला खूप तास दिव्याखाली ठेवला की हुरूप उतरायचा आणि त्याची खरी ताकद कळायची. म्हणून आपल्याकडे रीत होती. आदल्या दिवशी ट्रे दिव्याखाली मांडायचा, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तपासायचा. उजेड पाजायचा. रजिस्टरमध्ये तसा रकानाच होता, "उजेड पाजला", आणि पुढे माझी बरोबरची खूण.

वाचनालयाचं तळघर अडतीस वर्षं अंधारात होतं, म्हणून तो डोळा तरतरीत होता. आता तो रोज नऊ तास दहा दिव्यांसमोर असतो. सकाळी तपासनिसाला पैलवान दिसतो. दुपारी चारला, तुझी वहिनी खुनी शोधत बसलेली असताना, तिथे कोण असतं?

डोळा चांगला असेल तर काहीच होणार नाही. तो त्या ट्रेमधला नसेल तर. ज्या ट्रेमधले डोळे सुताच्या गोदामात गेले, त्यातला.

त्या ट्रेला उजेड थोडा कमी पाजला गेला असेल, कदाचित. तास, दोन तास. गडबडीचे दिवस होते.

नंबर कळव. तार केलीस तरी चालेल. हल्ली तार असते का तेही मला माहीत नाही.

दादा


६ मार्च

हळद्या,

तुझं उत्तर नाही. तू लिहिणार नाहीस असं मला वाटू लागलंय, आणि गंमत अशी की त्यामुळेच हात मोकळा झाला आहे. ज्याला उत्तर द्यायचं नाही त्याला खरं सांगता येतं.

तास दोन तास हे खोटं होतं.

आपल्या कवितेच्या गुरुजींचा निरोपसमारंभ तुला आठवतो? तू आला नव्हतास, तू दोन वर्षं मागे होतास आणि तुला कविता म्हणजे छड्या एवढंच आठवायचं. मला त्यांनी निरोप धाडला होता, जुन्या विद्यार्थ्यांतर्फे तू माझी कविता म्हण. त्यांची स्वतःची. मला वाटलं, तीस वर्षांचा घोडा झालो, मीटरसमोर आयुष्य चाललंय, पण कुणालातरी माझा आवाज लक्षात आहे. आठवडाभर ती घोकत होतो. ट्रेनमध्ये, आंघोळीत, मीटरसमोर.

दिवा मालवुनि गेले कोणी, उजेड मागे राहे;
मिटल्या डोळ्यांपुढे अजुनही ज्योत तेवती आहे.

आदल्या संध्याकाळी ट्रे दिव्याखाली मांडायचा होता. मी कपाट उघडलं, ट्रेला हात लावला आणि तिसऱ्या कडव्याची सुरुवात आठवेना. कपाट तसंच लावून मी खिडकीशी गेलो. कडवं आठवलं. ट्रे राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मला निघायचं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर ट्रे काढला तेव्हा लक्षात आलं. तेव्हा मोठ्या साहेबांना सांगितलं असतं, उद्या देतो, तर जास्तीत जास्त एक शिवी बसली असती. गोदामवाल्यांचा माणूस फाटकात उभा होता. मी मनाशी म्हटलं, हळद्यानं भाजलेत, चांगलेच असणार.

बेचाळीस डोळे होते. त्या दिवशी तू भट्टीवर होतास, बोटही मीच उचलत होतो. टक्, टक्, टक्. बेचाळीसच्या बेचाळीस पास. एरवी प्रत्येक ट्रेमध्ये पाचसहा लुकडे निघायचेच. त्यात तुझा दोष कधीच नव्हता, पूड तशीच असते, म्हणूनच तर तपासणारा ठेवतात. एकही नापास नाही म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कळलं होतं, हळद्या. मीटर बंद करताना कळलं होतं. आणि तरी मी रजिस्टर ओढलं, "उजेड पाजला" या रकान्यात बरोबरची खूण केली, बेचाळीस रडके ठिपके काढले आणि समारंभाला गेलो. कविता फार छान झाली. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घरी परत येईपर्यंत हवेत चालत होतो.

गोदामात दिवसभर मिणमिणते दिवे जळत असायचे. सहा आठवड्यांत आपले डोळे त्या दिव्यांना सरावले आणि जे लुकडे होते ते खरोखरीचे लुकडे झाले. सुताच्या गठ्ठ्यांमागे जाळ उठला तो त्यांना दिसायला फार वेळ लागला. घंटा वाजली तेव्हा छताला आग भिडली होती. त्याआधी पहारेकऱ्याला जळका वास आला होता. घंटा वाजत नाही म्हणजे मोठं काही नसेल, असं समजून त्यानं आतलं दार उघडलं.

चौकशीत मोठ्या साहेबांनी तुझ्या भट्टीची वही उघडली आणि म्हणाले, माल कच्चा भाजला गेलाय. तू म्हणालास, "माझ्या मालात लुकडे असतात. पण ते गाळले जातात. तपासणाऱ्याला विचारा." आणि माझ्याकडे पाहिलंस. सगळ्यांनीच पाहिलं. मी म्हटलं, "मी नियमाप्रमाणे तपासले. रजिस्टर आहे."

तू भांडला नाहीस. सामान बांधताना फक्त एकदा दारातून वळून म्हणालास, "दादा, एवढ्या कविता पाठ आहेत तुझ्या. एक वाक्य आठवेना?"

ते वाक्य मला त्या दिवशीही पाठ होतं. आज लिहून बघितलं. ट्रेला उजेड पाजला नव्हता. चार शब्द आहेत, हळद्या. तीनच, "ट्रेला" सोडला तर.

दादा


८ मार्च

हळद्या,

हिला सांगितलं. सांगावंच लागलं. काल दुपारी ती तळघरात गेली आणि मी मागोमाग जाऊन जिन्याच्या तोंडाशी पाण्याची बादली घेऊन उभा राहिलो. दीड तास. ग्रंथपालबाईंना वाटलं मी फरशी पुसायला आलोय. ही वर आली, बादली बघितली, मला बघितलं, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं कसं असतं ते तुला माहीत आहे, तू तिच्या हातची बोलणी खाल्लेली आहेस.

सगळं सांगितलं. उजेड, कविता, रजिस्टर. ती वाटाणे सोलत होती. सोलत राहिली. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "अडतीस वर्षं मी भाऊजींना मनातल्या मनात शिव्या घातल्या. आपल्या माणसाचं नाव बुडवलं म्हणून. त्या शिव्या आता कुठे ठेवू?"

मी म्हटलं, मला दे.

"तुम्हाला वेगळ्या आहेत." मग म्हणाली, "भाऊजींना लिहिलंत?"

लिहिलं, तीन पत्रं. उत्तर नाही.

"आणि ज्याचा हात जळला त्याला?"

मी वाटाण्याची टरफलं गोळा करू लागलो. ती म्हणाली, "म्हणजे जो तुमचं सगळं ऐकून घेईल, त्यालाच तुमचं पत्र. भाऊ तुमचा आहे, तो रागावला तरी तुमचाच राहणार. तो माणूस तुमचं काय देणं लागतो?"

मी तुला खरं सांगतो. त्या पहारेकऱ्याचा चेहरा मी स्वतःला आठवू देत नाही. गोदामाचं फाटक आणि आपल्या कारखान्याचं फाटक समोरासमोर. संध्याकाळी सुटलो की तो त्याचं स्टूल पुढे ओढायचा आणि ओरडायचा, "काय कवी, आज कुठली?" मला कवी म्हणणारा जगात तो एकटाच. आपण त्याला कधी हसलो नाही, कारण तो खरंच ऐकायचा, डोळे मिटून. चुकलो तर टोकायचा. आग लागली त्यानंतर तू महिनाभर रोज दवाखान्यात जात होतास. नोकरी तुझी गेली होती आणि डबा तू नेत होतास. मी एकदाही गेलो नाही. पहिल्या दिवशी उद्या जाऊ म्हटलं, आणि मग जायचं राहिलं ते राहिलंच.

त्याच्या डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली असं कुणीतरी सांगितलं होतं. पत्ता मला माहीत नाही. शोधलाही नाही.

ही म्हणते, आधी तळघराचं बघा, रडगाणं नंतर. सोमवारी बरोबर येणार आहे. मी पळून जाऊ नये म्हणून.

दादा


१३ मार्च

हळद्या,

आज झालं. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

ग्रंथपालबाईंना खोलीत बसवून सांगायला सुरुवात केली. मी अर्ध्या तासात त्या पदार्थाच्या रंगाबद्दल, भट्टीबद्दल आणि माणसाच्या डोळ्याबद्दल बोललो. शेवटी ही मधे पडली. "अहो बाई, घंटा सकाळी वाजते आणि दुपारी वाजणार नाही. हे यांना माहीत आहे कारण यांनीच ती चुकीची पास केली. एवढंच."

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. बहुधा पहिल्यांदाच लगेच सापडला. म्हणाल्या, "काका, पण तपासनिसांची सही आहे."

मी म्हटलं, "सही माझीही होती."

दुपारी चार वाजता लोकांना वर पाठवलं. दिवे सकाळपासून चालूच होते. वायरमन शिडी घेऊन आला. बाईंनी पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती लावली आणि डब्याच्या झाकणानं आडोसा करून डोळ्यासमोर धरली, भिंतीपासून दहा पावलांवर. सकाळी एवढ्या अंतरावर साधी काडी पुरते. काही नाही. आठ पावलं. पाच. दोन मेणबत्त्या. मी डबीजवळ कान लावून उभा होतो, हळद्या. आयुष्यभर त्या आवाजाची वाट पाहायचं काम केलं, पण तो यावा म्हणून इतका कधी जीव टांगणीला लागला नव्हता. तो आला असता तर मी खोटा ठरलो असतो, आणि मला खोटं ठरायचं होतं.

तीन मेणबत्त्या हातभर अंतरावर आणल्या तेव्हा वाजला. टक्. मग घंटा.

बाईंनी मेणबत्त्या विझवल्या. वायरमन म्हणाला, "आजोबा, आग एवढी जवळ आली तर घंटेची काय गरज, आपल्यालाच कळेल की."

त्यानं डोळा काढून माझ्या हातावर ठेवला. पाठीवर तुझा पक्षी आणि खाली सतरा.

आता शेवटचं खोटं. नंबर विचारायला मी तुला पत्र लिहिलंच नव्हतं. सतरा मला पाठ होता, त्या दिवसापासून. गोदामाला छत्तीस डोळे गेले आणि उरलेले सहा वाचनालयाला, हे मी स्वतःच बांधून दिलं होतं. पहिल्या दिवशी हिरवा ठिपका पाहिला तेव्हाच मला कळलं होतं. तुझ्याशी बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं, आणि मला वाटलं, तू नंबर लिहून पाठवशील, मग तो उच्चारायला मी एकटा असणार नाही.

तळघर बंद ठेवलंय. सहाही डोळे बदलेपर्यंत उघडणार नाही. बाईंनी तक्रारीचं रजिस्टर पुढे केलं. मी त्यात लिहिलं: या डोळ्यांना तपासणीआधी उजेड पाजला नव्हता. दोष तपासणाऱ्याचा. बनवणाऱ्याचा नाही. आणि सही केली. बाईंनी विचारलं, "बनवणारे कोण?" मी म्हटलं, माझा धाकटा भाऊ. त्या म्हणाल्या, "त्यांना कळवलंत?"

कळवतोय.

परत येताना ही म्हणाली, "आता तुमच्या पोटात दुखायचं थांबेल." थांबलं नाही. कमी झालं असेल, पण थांबलं नाही.

दादा


२१ एप्रिल

हळद्या,

पाच आठवडे झाले. पोस्टमन आता हात हलवत नाही, नुसता मान खाली घालून सायकल पुढे काढतो. मी त्याला दोष देत नाही. माझीच पत्रं, माझीच शिक्षा.

ही शेजारच्या खोलीत आहे. तळघर उघडलं तशी ती पुन्हा जायला लागली आहे. नवे डोळे आलेत, वेगळ्या पदार्थाचे. काळे, ओठ मिटलेले. त्यांना आठवण नसते असं वायरमन म्हणाला. असेल बाबा. मला त्यांची भीती वाटते.

जुना सतरा नंबरचा डोळा बाईंनी मला दिला. तो मी खिडकीत ठेवलाय. दिवसभर उजेड पितोय, अडतीस वर्षं उशिरा. संध्याकाळी त्याच्याकडे पाहिलं की वाटतं, आता त्याची ताकद मोजली तर खरी निघेल. मोजायला मीटर नाही.

पहारेकऱ्याचा पत्ता शोधायला सुरुवात केली आहे. खरंच केली आहे, हिला विचार. गोदामाच्या जागी आता बसचं आगार आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकला तो माहीत होता, पण कुठे गेला ते माहीत नाही. म्हणाला, त्याला अधूनमधून परदेशातून पत्रं यायची म्हणे. कुणाची, कुणास ठाऊक. मी घरी येऊन हिला सांगितलं. ती भाजी चिरायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही?"

मी म्हटलं, काय?

"काही नाही. तुम्ही आपल्या कविता म्हणा."

तू त्याला लिहीत होतास का, हळद्या? एवढी वर्षं? मला लिहिलं नाहीस, आणि

दारावर टकटक झाली. घंटा गेला आठवडाभर बिघडलीय, वायरमनला सांगून ठेवलंय. तोच असेल. ही गेली दार उघडायला.

बोलणं लांबत चाललंय. वायरमन एवढं बोलत नाही.

ही आत आली. तिचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. म्हणते, "अहो, कुणी एक गृहस्थ आलेत. वयस्कर आहेत. नाव विचारलं तर सांगत नाहीत. म्हणतात, कवी आहेत का घरात?"

मी लिहितोय. मी उठत नाहीये आणि लिहितोय, हळद्या, तुला कळतंय ना का ते.

ती म्हणते, "त्यांच्या हातात तुमची पत्रं आहेत. पाचही. तुमच्याच अक्षरातली, भाऊजींच्या पत्त्याची पाकिटं. डाव्या हातात धरलीत, बोटं उघडत नाहीत त्यांची, अंगठ्याखाली दाबून धरलीत." आणि लेखणी माझ्या हातातून काढून घ्यायला पुढे आलीय. मी म्हटलं, एकच ओळ. ती म्हणाली, "तुमची ओळ दारात उभी आहे. उठा."

बाहेरून आवाज येतोय, म्हातारा झालाय पण तोच. "काय कवी, आज कुठली?"

उठतो.